फंडातली हरवलेली वर्षे

भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावर, पंचेचाळिशी ओलांडलेल्या कामगाराला त्याचा फंड कुठे आहे असे विचारले, तर उत्तर बहुधा तुकड्यांत येते. एक फंड जुन्या कंपनीत. ती कंपनी आता बंद आहे. एक मधल्या ठेकेदाराकडे. त्याचा फोन लागत नाही. एक बहिणीच्या लग्नात काढून घेतला. आणि एक आता चालू आहे, त्याचा मेसेज मोबाइलवर येतो. माणूस एक, काम करणारे हात तेच, पण त्याच्या वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीचे चार तुकडे झालेले आणि त्या तुकड्यांना एकमेकांची ओळख नाही.

असे तुकडे जोडून घ्या, सगळी जुनी खाती एकाच खात्यात आणा, हा सल्ला आता सगळीकडे मिळतो. सल्ला योग्य आहे. पण त्याची जी कारणे सांगितली जातात, ती मला अपुरी वाटतात. एकच पासबुक, हिशेबाची सोय, डोक्याला ताप नाही, ही कारणे तीन-चार नोकऱ्या बदललेल्या, पगार बरा असलेल्या माणसाची आहेत. ज्याच्यासाठी ही जोडणी म्हातारपणाचा प्रश्न आहे, त्याचे कारण निराळे आहे. त्याच्या बाबतीत जोडायचे असतात ते पैसे दुय्यम. खरी जोडायची असतात ती वर्षे. आणि ती जोडण्याचे काम त्याच्यावर टाकणे हाच मुळात अन्याय आहे, असे मला ठामपणे वाटते.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण इथे उपयोगी पडते, कारण तिथला प्रश्न वरवर सारखा दिसतो आणि आतून वेगळा आहे. तिथे १९९२ पासून मालकाने कामगाराच्या निवृत्तीसाठी पैसे भरणे सक्तीचे झाले. पैसे सांभाळणारे फंड अनेक. नोकरी बदलली की नवा मालक आपल्या पसंतीच्या फंडात नवे खाते उघडून देई. २०१८ साली तिथल्या उत्पादकता आयोगाने अहवाल दिला, तेव्हा एकूण खात्यांपैकी सुमारे एक तृतीयांश, म्हणजे जवळजवळ एक कोटी खाती, अशी नकळत साठलेली जादा खाती निघाली. प्रत्येक खात्यावर वेगळे शुल्क आणि वेगळ्या विम्याचा हप्ता. त्यातून लोकांचे वर्षाला सुमारे २६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर विनाकारण जात होते. म्हणजे तिथे तुकडे झाले की पैसा झिजतो.

आपल्याकडे तसे होत नाही. तुमची पाच खाती असली तरी, मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे ट्रस्ट सोडले तर, ती सगळी एकाच कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेत असतात. व्याजाचा दर एकच, २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी ८.२५ टक्के. २०११ ते २०१६ या काळात पडून राहिलेल्या खात्यांचे व्याज थांबवले होते, तो नियमही मागे घेतला गेला. आता अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत व्याज चालू राहते. तेव्हा विसरलेल्या खात्यातला पैसा मिळवायला त्रास होईल, पण तो तिथे असतो आणि वाढतही असतो. मग तुटते काय?

त्यासाठी पगारातून होणारी कपात उलगडून पाहावी लागते. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बारा टक्के कामगाराकडून, तेवढेच मालकाकडून. कामगाराचे बारा टक्के पूर्ण फंडात जातात. मालकाच्या बारांतले ८.३३ टक्के मात्र पेन्शन योजनेत वळतात, आणि तेही कमाल १५,००० रुपये पगार धरून, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. ही योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून आहे, म्हणून तिला सगळे ‘ईपीएस-९५’ म्हणतात. फंडाच्या खात्यात पैसे साठतात; या योजनेत कामगाराच्या नावाने पैसे साठतच नाहीत. तिथे मोजली जातात ती वर्षे. पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर, हे तिचे सूत्र. दहा वर्षे भरली नाहीत तर मासिक पेन्शन नाही. वीस भरली तर दोन वर्षे वाढवून मिळतात. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फंड वळवला की नव्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसते आणि लोक हादरतात. खरे तर त्या रकान्यातून जाण्यासारखे काही नसतेच. सरकते ती सेवा, आणि ती पासबुकात नव्हे, ‘परिशिष्ट के’ नावाच्या कागदावर दिसते. तो कागद किती कामगारांनी पाहिला असेल?

आकड्यांत सांगतो. २०१४ च्या सप्टेंबरनंतर नोकरीला लागलेला एक तरुण धरा. पहिल्या ठिकाणी सात वर्षे, दुसऱ्या ठिकाणी सहा, तिसऱ्या ठिकाणी बारा. पेन्शनसाठीचा पगार १५,००० च राहिला असे समजू. पंचवीस वर्षे जोडलेली असतील, तर दोन वाढीव मिळून सत्तावीस, आणि पेन्शन महिन्याला सुमारे ५,७८५ रुपये. पहिल्या दोन नोकऱ्या सोडताना त्याने पेन्शनचे पैसे काढून घेतले असतील, तर उरली बारा वर्षे, आणि पेन्शन सुमारे २,५७१. दरमहा ३,२१४ रुपयांचा फरक, आणि तो मेल्यावर बायकोला मिळणाऱ्या निम्म्या पेन्शनमध्येही त्याच प्रमाणात फरक. काढताना त्याला मिळते साधारणपणे दर वर्षामागे एका महिन्याचा पगार, म्हणजे तेरा वर्षांचे फार तर दोन लाखांच्या आसपास. ती रक्कम तीस वर्षे व्याजाने वाढवली तर हिशेब त्याच्या बाजूने जाईल, हे मला मान्य आहे. पण नोकरी सुटलेला माणूस ती रक्कम तीस वर्षांसाठी गुंतवायला काढत नाही. तो घरभाडे भरतो, उधारी फेडतो. आणि यातली बोचणारी गोष्ट अशी की सात आणि सहा मिळून तेरा होतात. जोडली असती तर दुसरी नोकरी सुटतानाच त्याचा मासिक पेन्शनचा हक्क पक्का झाला असता.

काढण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. फंडासाठी १९ नंबरचा फॉर्म, पेन्शनसाठी १०-सी. नोकरी सुटली की सायबर कॅफेवाला किंवा पीएफ ऑफिसबाहेरचा एजंट दोन्ही एकदम भरून टाकतो. पहिल्या फॉर्मने पैसे जातात आणि दुसऱ्याने वर्षे. त्याच १०-सी फॉर्मवर आणखी एक पर्याय असतो: पैसे नकोत, त्याऐवजी झालेल्या सेवेचे प्रमाणपत्र द्या. हे स्कीम सर्टिफिकेट घेतले की वर्षे शाबूत राहतात, पुढच्या नोकरीला जोडता येतात, आणि मधल्या काळात अठ्ठावन्नाच्या आत माणूस गेला तर कुटुंबाला पेन्शनचा आधार राहतो. एकाच कागदावरचे हे दोन रस्ते. त्यातल्या एकाबद्दल कुणी बोलत नाही.

नोकरीचे असे तुकडे का होतात, याचे उत्तर योजनेच्या जन्मात आहे. १९५२ चा कायदा आला तेव्हा तो सहा उद्योगांना लागू होता: सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. गिरणीत लागलेला माणूस गिरणीतूनच निवृत्त होईल, हे गृहीत होते. म्हणून खात्याचा नंबर बनला तो विभागाचे कार्यालय, कारखान्याचा कोड आणि त्या कारखान्यातला कामगाराचा क्रमांक यांचा. पैसे कामगाराचे, ओळख कारखान्याची. मुंबईच्या गिरणगावात तेव्हाही हे गृहीतक पूर्ण खरे नव्हते. कायम नोकरीची वाट पाहत रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभे राहणारे बदली कामगार होतेच. जानेवारी १९८२ च्या संपानंतर तर एका मोठ्या पिढीची सलग नोकरी संपली. कुणी वॉचमन झाले, कुणी लहान कारखान्यांत गेले. नोकरीची जुनी घडी मोडल्यानंतर तीसेक वर्षे खात्यांचे नंबर मात्र त्याच घडीचे राहिले. माणसाला त्याचा स्वतःचा बारा आकडी यूएएन (युनिव्हर्सल अकाउंट नंबर) मिळाला तो २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये. सरकारी नोकरांच्या नव्या पेन्शन योजनेत नंबर त्याआधीच माणसाचा झालेला होता, बदली होवो की खाते बदलो. कारखान्यातल्या कामगाराला तेवढ्यासाठी बासष्ट वर्षे थांबावे लागले.

यूएएनने प्रश्न सुटायला हवा होता. तो पूर्ण सुटला नाही, याचे मोठे कारण ठेकेदारी. एखाद्या पालिकेत झाडू मारणारी बाई, सरकारी इस्पितळातला वॉर्डबॉय, कारखान्यातला हेल्पर: काम तेच, जागा तीच, मुकादमही तोच. टेंडर बदलले की कागदावरचा मालक बदलतो. नवा ठेकेदार जुना यूएएन शोधत बसत नाही, नवा काढतो. जुना ठेकेदार कामगार सोडून गेल्याची तारीख भरत नाही. दोघांच्या नोंदींत पाच-सहा दिवस एकमेकांवर चढतात आणि खाते वळवण्याचा अर्ज परत येतो. एवढ्याच कारणावरून अर्ज परत पाठवू नका, असे संघटनेला २०२५ मध्ये आपल्या कार्यालयांना सांगावे लागले. सोडल्याची तारीख भरण्याची सोय २०२० पासून कामगाराला स्वतःला आहे. पण कायम करावे लागू नये, दोनशे चाळीस दिवस भरू नयेत म्हणून सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ दिलेल्या पोराला आपण नोकरी सोडली की आपल्याला थांबवले, हेच नीट सांगितलेले नसते.

फंडाच्या १९५२ च्या योजनेच्या तिसाव्या परिच्छेदात स्पष्ट लिहिले आहे की ठेकेदारामार्फत लावलेल्या कामगारांची वर्गणी भरण्याची जबाबदारी मूळ मालकाची आहे. पैशाच्या वसुलीसाठी हा नियम वापरला जातो. वर्षांसाठी तो का वापरला जाऊ नये? मूळ मालक बदललेला नाही, तर सेवाही बदललेली नाही, असे धरून ती आपोआप पुढे जोडली गेली पाहिजे. पेन्शन योजनेत सेवेची व्याख्याच मुळी अशी आहे की वर्गणी मिळालेली असो किंवा मिळायला हवी असलेली असो, तो काळ मोजायचा. म्हणजे ठेकेदाराने पैसे बुडवले म्हणून कामगाराची वर्षे बुडू नयेत, हे योजना लिहिणाऱ्यांना पटलेले होते. खिडकीवर बसलेल्या माणसापर्यंत ते पोहोचले नाही.

बायकांच्या बाबतीत हे सगळे आणखी जाचक होते आणि त्याबद्दल फारच कमी लिहिले जाते. महाराष्ट्रात लग्नानंतर बाईचे आडनाव बदलते, मधले नाव वडिलांचे जाऊन नवऱ्याचे येते, आणि पुष्कळ घरांत पहिले नावही बदलले जाते. लग्नाआधी इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात चार वर्षे काम केलेल्या मुलीचे खाते एका नावाने. आधार कार्ड, बँक, नवी नोकरी दुसऱ्या नावाने. संगणकाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बायका आहेत. त्यातच १९५२ च्या योजनेने तिच्यासाठी एक खास सवलत ठेवली होती: नोकरी सोडल्यावर फंड काढायला इतरांना दोन महिने थांबावे लागे, लग्नासाठी नोकरी सोडणाऱ्या बाईला ती अट नव्हती. सवलत चांगल्या मनाने दिलेली असेल. पण तिचा अर्थ असा झाला की लग्न झाले, आता हिची नोकरी संपली, हे कायद्यानेही गृहीत धरले. प्रत्यक्षात मुले शाळेत गेल्यावर ती बाई पुन्हा कामाला लागते, सात वर्षे करते. चार आणि सात, अकरा वर्षे. मधे आठ वर्षांचा खंड असला तरी पेन्शनला त्याची अडचण नाही. मोजायची ती कामाची वर्षे, सलगपणाची अट नाही. जोडली तर तिला मरेपर्यंत स्वतःच्या नावाचे पेन्शन आहे. न जोडता, दोन वेळा दोन तुकडे काढून घेतले, तर काही नाही.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते: कामगारांनाच पैसे हवे असतात, ते काढणारच, तुम्ही कितीही जोडा. हे उत्तर मी झटकून टाकणार नाही. पोराची फी, आईचे ऑपरेशन, गावाकडच्या घराचे पत्रे, या गरजा अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत थांबत नाहीत. अशा वेळी स्वतःच्या घामाचा फंड काढणाऱ्याला बेजबाबदार म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण फंड काढणे आणि वर्षे काढणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या व्यवस्थेने त्या एकाच अर्जात बांधल्या आहेत. फंड गरजेला काढावा; वर्षे मोडण्यातून त्या गरजेला फार थोडा हातभार लागतो. शिवाय तुकडा लहान दिसतो म्हणून तो मोडला जातो. नऊ महिन्यांच्या कामाचे पेन्शनचे दहा-बारा हजार समोर दिसत असताना ते ठेवून द्या, असे सांगणे अवघड आहे. तुझी साडेनऊ वर्षे झाली आहेत, आता ती दहा धरली जातील आणि तुला जन्मभर पेन्शन बसेल, हे ज्याला स्क्रीनवर दिसते, तो माणूस वेगळा निर्णय घेतो. तुकडेच दिसत असतील तर असा निर्णय त्याला घेता येणार नाही.

जानेवारी २०२५ पासून खाते वळवताना पुष्कळ प्रकरणांत मालकाच्या मंजुरीची अट काढली गेली. ही खरोखर मोठी सुधारणा आहे. मात्र तिच्या अटी वाचल्या की ती कुणापर्यंत पोहोचली हे कळते. ऑक्टोबर २०१७ नंतरचा, आधारशी जोडलेला यूएएन असेल तर अर्ज सरळ जातो. त्याआधीचा असेल तर नाव, जन्मतारीख आणि लिंग या तिन्ही नोंदी सगळ्या खात्यांत तंतोतंत जुळल्या पाहिजेत. म्हणजे नव्या, शिकलेल्या, स्वच्छ कागदपत्रांच्या माणसाचे काम झाले. नाव बदललेली बाई, शाळा सुटल्याचा दाखला नसल्याने जन्मतारीख अंदाजे लिहिलेला कामगार, ज्याच्या कंपनीला पंधरा वर्षांपूर्वी टाळे लागले तो फिटर, हे जिथे होते तिथेच आहेत. त्यांना मालकाच्या सहीचे संयुक्त घोषणापत्र लागते, आणि सही करायला मालकच उरलेला नसेल तर दुसऱ्या अधिकृत माणसाची सही शोधत फिरावे लागते.

अशा परिस्थितीत २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये संघटनेच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने निर्णय घेतला की पेन्शनचे पैसे काढण्यासाठी नोकरी सुटल्यावर दोन महिन्यांऐवजी छत्तीस महिने थांबावे लागेल. हेतू मला पटतो: लोकांनी वर्षे मोडू नयेत. क्रम मात्र उलटा आहे. आधी वर्षे जोडून द्यायची, ती दाखवायची, आणि मग मोडू नका म्हणायचे, हा न्याय. जोडण्याचे ओझे कामगारावर तसेच ठेवून नुसते काढण्याचे दार अरुंद केले, तर ज्याची खाती जुळतच नाहीत त्याला ना हातात पैसे मिळतील ना पेन्शन.

ऑस्ट्रेलियाने १ नोव्हेंबर २०२१ पासून केलेला बदल इथे घेण्यासारखा आहे. नवा माणूस कामावर आला आणि त्याने स्वतः फंड निवडला नाही, तर मालकाने कर खात्याला विचारायचे की याचे आधीचे खाते कोणते, आणि त्याच खात्यात पैसे भरायचे. कामगाराने काहीच करायचे नाही. तिथे फंड अनेक असून हे जमले. आपल्याकडे जवळजवळ सगळ्या खात्यांची वही एकाच संघटनेच्या ताब्यात आहे, आधार आहे, बँक खाते आहे. तरीही आपले जुने खाते शोधून, पुरावे गोळा करून, अर्ज करायचा कामगाराने. हे ओझे संघटनेने उचलायला हवे. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत असा संशय आला तर तिने स्वतः विचारावे. नाही म्हणायचे असेल तर त्याने म्हणावे. बाईचे विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद पुरावा म्हणून पुरेशी धरावी. बंद कंपनीच्या बाबतीत कुणाच्याही सहीऐवजी संघटनेच्या स्वतःच्या दप्तरातले, त्या काळी मालकांनी भरलेले वार्षिक विवरण ग्राह्य मानावे. हे कागद वांद्रे, ठाणे, पुण्याच्या कार्यालयांनी त्या वेळी स्वतः घेतलेले आहेत. कामगाराने ते पुन्हा आणून देण्याचे कारण नाही.

एवढे सगळे करून हातात काय पडणार, असा प्रश्न विचारला जाईल, आणि तो रास्त आहे. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयांवर थांबले आहे. बुलढाण्यात याच योजनेच्या पेन्शनरांनी वर्षानुवर्षे साखळी उपोषण चालवले. महिन्याला ७,५०० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता, ही त्यांची मागणी. ती मागणी मला योग्य वाटते. पगाराची १५,००० ची मर्यादाही २०१४ पासून हललेली नाही, ती वाढली पाहिजे. पण मर्यादा उद्या वाढली, तरी सूत्रात पगाराला वर्षांनीच गुणायचे आहे. ज्याची वर्षे नोंदीत अर्धीच आहेत, त्याला त्या वाढीचाही अर्धाच लाभ होईल. म्हणून रक्कम वाढवण्याची चळवळ आणि वर्षे जोडण्याची मागणी वेगळ्या करता येत नाहीत. संघटित कामगारांच्या युनियननी पहिलीसाठी मोर्चे काढले, दुसरी मागणी त्यांच्या पत्रकांत क्वचित दिसते, कारण कायम कामगाराची वर्षे सहसा तुटत नाहीत. ठेक्यावरच्यांची तुटतात.

हा प्रश्न जुन्या पिढीबरोबर आपोआप संपेल, असेही समजू नये. यूएएन येण्याआधी, २०१३ साली, अठराव्या वर्षी कामाला लागलेला मुलगा अठ्ठावन्न वर्षांचा होईल २०५३ मध्ये. तोपर्यंत दरवर्षी जुन्या नंबरांची, अर्धवट नावांची माणसे पेन्शनच्या खिडकीशी येत राहतील. सुरुवात पन्नाशीपासून करता येईल. पन्नासाव्या वर्षापासून कमी दराने पेन्शन घेता येते, म्हणजे तिथे हिशेब तसाही करावाच लागतो. त्या वयाच्या प्रत्येक सदस्याच्या घरी, मोबाइलवर नव्हे, पोस्टाने, मराठीत एक पत्र जावे: अमुक ठिकाणची इतकी वर्षे आमच्या नोंदीत आहेत, यांतली इतकी जोडलेली आहेत, इतकी तुम्ही काढून घेतली आहेत, आणि आमच्या दप्तराप्रमाणे तुमची असण्याची शक्यता असलेली ही आणखी दोन खाती आहेत. खाली दोन चौकटी: माझी आहेत, माझी नाहीत. आणि सोबत उत्तरासाठी टपालखर्च भरलेले पाकीट.